कार्यालयातील संगणकाची काळजी

'दप्तर' हा शब्द तुम्हांला दोन्ही भाषांत भेटतो. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कार्यालय. मराठीत 'दप्तर' म्हणजे कार्यालयातील कागदपत्रांचा संग्रह, आणि तुमच्या पाठीवरची पुस्तकांची पिशवीसुद्धा. पूर्वी कार्यालयाचे दप्तर लाकडी कपाटात असे. कपाटाला कुलूप असे, आणि वाळवी लागू नये म्हणून कारकून अधूनमधून कागद उन्हात ठेवीत. आज हे दप्तर बहुतेक ठिकाणी संगणकात गेले आहे. पण कुलपाची आणि वाळवीची काळजी संपलेली नाही. तिचे फक्त रूप बदलले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत घडलेली गोष्ट सांगतो. जून महिना होता. दहावीचा निकाल लागला होता. शाळा सोडल्याचा दाखला घेण्यासाठी मुले व पालक कार्यालयाबाहेर उभे होते. सकाळी लिपिकांनी संगणक सुरू केला, तर एकही फाइल उघडेना. पडद्यावर एक मजकूर आला : "तुमच्या सर्व फाइली कुलूपबंद केल्या आहेत. पैसे पाठवा, मग किल्ली देऊ." आदल्या दिवशी 'तातडीचे परिपत्रक' अशा नावाचा एक ई-मेल आला होता. सोबतची फाइल लिपिकांनी घाईत उघडली होती. परिपत्रक खोटे होते.

रांगेत एक मुलगी वडिलांबरोबर उभी होती. वडील यंत्रमागावर काम करीत. दाखल्यासाठी त्यांनी त्या दिवशी कामावर खाडा केला होता. महाविद्यालयातील प्रवेशाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपणार होती. त्यांनी विचारले, "सर, मशीन बिघडली म्हणून पोरीचं वर्ष जाणार का?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते.

शेवटी मुख्याध्यापकांनी कपाटातून जुने जनरल रजिस्टर काढले. त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख आणि प्रवेशाची तारीख शाईने लिहिलेली होती. त्यावरून आम्ही हाताने दाखले लिहिले. साडेचार वाजता त्या मुलीच्या हातात दाखला पडला. वडिलांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

दाखले मिळाले, पण बाकीचे बरेच गेले. तीन वर्षांच्या गुणपत्रिका, शिष्यवृत्तीच्या याद्या, शिक्षकांच्या वेतनाचे हिशेब यांतले काहीच उघडले नाही. खरे तर आमच्याजवळ या फाइलींची दुसरी प्रत होती. ती एका पेन ड्राइव्हवर होती. पण तो पेन ड्राइव्ह रात्रंदिवस संगणकालाच लावलेला असे. त्यामुळे तोही कुलूपबंद झाला! आम्ही पैसे पाठवले नाहीत. चोराच्या शब्दावर विश्वास कसा ठेवणार? चार शिक्षकांनी कितीतरी संध्याकाळी बसून, कागदावरून जेवढे मिळाले तेवढे पुन्हा टंकलिखित केले.

जगातील दोन उदाहरणे

असे संकट केवळ लहान शाळेवर येते असे समजू नका. 12 मे 2017 रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या घातक प्रोग्रामने सुमारे दीडशे देशांतील संगणक कुलूपबंद केले. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना त्याचा मोठा फटका बसला. हजारो रुग्णांच्या भेटीच्या वेळा रद्द झाल्या. काही ठिकाणी रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. विशेष म्हणजे, ज्या फटीतून हा प्रोग्राम आत शिरला, ती बुजवणारी सुधारणा मायक्रोसॉफ्ट कंपनीने 14 मार्च 2017 रोजीच दिली होती. म्हणजे सुमारे दोन महिने आधी. अनेक कार्यालयांनी ती बसवलीच नव्हती.

त्याच वर्षी 27 जून रोजी 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा प्रोग्राम पसरला. मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीचे काम जगभर कोलमडले. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा बंदरात या कंपनीकडे असलेल्या धक्क्याचे कामही विस्कळीत झाले. कंपनीला सुमारे पंचेचाळीस हजार संगणकांवर सर्व प्रोग्राम नव्याने बसवावे लागले. तिच्या संगणकजाळ्याची मुख्य माहिती जवळजवळ सर्वत्र पुसली गेली होती. मात्र आफ्रिकेतील घाना देशात एक प्रत शिल्लक राहिली. का? कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो संगणक जाळ्यापासून तुटलेला होता! त्या एका प्रतीवरून कंपनीने आपला कारभार पुन्हा उभा केला.

आमच्या कपाटातील जनरल रजिस्टर आणि घानातील तो संगणक, दोघे एकाच कारणाने वाचले. दोघेही जाळ्याबाहेर होते.

सुरक्षिततेचे पाच नियम

पहिला नियम : दुसरी प्रत ठेवा. महत्त्वाच्या माहितीच्या एकूण तीन प्रती असाव्यात. त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या जागी असावी. प्रत काढून झाली की ते साधन संगणकापासून वेगळे करून कपाटात ठेवावे. महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. जी प्रत उघडत नाही, तिचा उपयोग काय?

दुसरा नियम : परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड, मजबूत ठेवा. चार अंकांचा पासवर्ड दहा हजार प्रकारे तयार होऊ शकतो. संगणकाच्या वेगापुढे ही संख्या काहीच नाही. इंग्रजी वर्णमालेतील आठ छोट्या अक्षरांचे मात्र वीस हजार आठशे कोटींहून अधिक प्रकार होतात. अक्षरे वाढली की सुरक्षितता वाढते. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब पासवर्ड करावा. स्वतःचे नाव किंवा जन्मतारीख वापरू नये. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवणे म्हणजे कुलपावरच किल्ली टांगणे होय.

तिसरा नियम : सुधारणा वेळेवर बसवा. छप्पर गळू लागले की पावसाळ्यापूर्वी कौले फेरतात. संगणकाच्या प्रोग्राममधील फटीही तशाच वेळेवर बुजवाव्या लागतात. जुन्या प्रोग्रामना कंपनी कायम सुधारणा देत नाही. 'विंडोज 10' या प्रणालीचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. अशा वेळी नव्या प्रणालीची सोय आधीच करावी.

चौथा नियम : अनोळखी फाइल उघडू नका. पत्र कोणाचे आहे, पत्ता खरा आहे का, हे पाहावे. शंका आली तर त्या कार्यालयाला दूरध्वनी करून विचारावे. बाहेरून आलेला पेन ड्राइव्ह आधी विषाणूरोधक प्रोग्रामने तपासावा. या विषाणूंचा इतिहास जुना आहे. 1986 साली लाहोर येथील दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पद्धतीच्या वैयक्तिक संगणकांवरील पहिला विषाणू मानला जातो. तो फ्लॉपीतून पसरत असे. आज फ्लॉपी गेली, पण उसन्या वस्तूतून रोग येण्याची रीत तीच राहिली आहे.

पाचवा नियम : ज्याचे काम त्याच्या हाती ठेवा. प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते वेगळे असावे. वेतनाचा हिशेब पाहण्याचा अधिकार सर्वांना देऊ नये. खुर्चीवरून उठताना पडदा बंद करावा. विंडोज प्रणालीत विंडोजची कळ व 'एल' अक्षराची कळ एकत्र दाबली की पडद्याला कुलूप लागते.

संगणक सुरळीत कसा चालेल?

संगणक चालू असताना त्याच्या पेटीत उष्णता निर्माण होते. आतील पंखा ती बाहेर फेकतो. धूळ साचली की हवेचा मार्ग अडतो, पेटी तापते आणि संगणकाचा वेग मंदावतो. काही कार्यालयांत पेटीवर हौसेने भरतकामाचे कापड घालतात. संगणक बंद असताना ते चांगले दिसते. चालू असताना मात्र हवेची छिद्रे मोकळीच ठेवावीत. पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये. साफसफाईपूर्वी वीजजोडणी काढावी.

आपल्याकडे वीज अचानक जाते. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइल खराब होऊ शकते. म्हणून संगणकाला यूपीएस जोडतात. त्याच्या बॅटरीवर संगणक रात्रभर चालत नाही; काम जतन करून तो रीतसर बंद करण्यापुरता वेळ मिळतो. जोडणीला अर्थिंग असणेही आवश्यक आहे.

संगणकाच्या साठवणुकीत थोडी जागा नेहमी मोकळी असावी. नको असलेल्या फाइली आणि न वापरलेले प्रोग्राम काढून टाकावेत. फाइलींना नीट नावे द्यावीत. 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटची', 'खरी शेवटची' अशी नावे दिली, तर सहा महिन्यांनी आपलीच फाइल आपल्याला सापडत नाही.

संकट आलेच तर?

घाबरून कळा दाबत बसू नये. प्रथम संगणकाची जाळ्याशी असलेली जोडणी तोडावी, म्हणजे रोग शेजारच्या संगणकात जाणार नाही. मग वरिष्ठांना लगेच सांगावे. आपल्या हातून चूक झाली असली तरी ती लपवू नये. आमच्या लिपिकांनी ती गोष्ट त्याच मिनिटाला सांगितली, म्हणून दुसऱ्या खोलीतील दोन संगणक वाचले. पैशांची फसवणूक झाली असेल तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

उर्दूतील 'खबरदार' आणि मराठीतील 'खबरदारी' हे शब्द एकाच मुळाचे आहेत. ज्याला खबर आहे, तो सावध राहतो. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी शाळेत, कोणी बँकेत, कोणी दवाखान्यात संगणकासमोर बसेल. त्या पडद्यामागे कोणाचा तरी दाखला, कोणाचा पगार, कोणाच्या औषधाची चिठ्ठी असेल. आमच्या कार्यालयात आता दर शनिवारी दुसरी प्रत काढतात, पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवतात आणि वहीत तारीख लिहून सही करतात. त्याच कपाटात, वरच्या फळीवर, ते जनरल रजिस्टरही आहे.

स्वाध्याय

1. शाळेच्या पेन ड्राइव्हवरील प्रत का उपयोगी पडली नाही?
2. घानातील संगणक आणि जनरल रजिस्टर यांत कोणते साम्य आहे?
3. 'दप्तर' आणि 'खबरदारी' यांसारखे उर्दू व मराठीत आढळणारे आणखी पाच शब्द लिहा. दोन्ही भाषांतील त्यांचे अर्थ सांगा.
4. 'कुलपावरच किल्ली टांगणे' असे लेखकाने कशाला म्हटले आहे?
5. तुमच्या शाळेच्या कार्यालयात माहितीची दुसरी प्रत कशी ठेवतात, ते विचारून आठ ओळी लिहा.