पुढच्या आसनावरील बालक

संकटसमयी आपोआप पुढे येणारी मऊ उशी, अशी एअरबॅगची प्रतिमा लोकमानसात रुजलेली असली, तरी टक्कर झाल्याचा क्षण आणि प्रवाशाचे मस्तक डॅशबोर्डावर आदळण्याचा क्षण यांमध्ये सेकंदाचे जे काही शतांश उरतात, तेवढ्यातच तिला बाहेर पडून पूर्ण फुगावयाचे असते, हे ध्यानी घेतले म्हणजे तिच्या अंगच्या आवेगाचा उलगडा होतो. वायू उत्पन्न करणारे रसायन (पूर्वीच्या मोटारींत ते बहुधा सोडियम अझाइड असे) क्षणार्धात पेटते आणि घडी घातलेले कापड ताशी ३०० किलोमीटरपर्यंतच्या गतीने प्रवाशाकडे झेपावते. फुगून झालेली बॅग प्रौढ माणसाला झेलते, पण फुगत असताना वाटेत सापडलेल्या देहावर ती प्रहारच करते. चालकापुढे स्टिअरिंग असल्यामुळे त्याची बॅग लहान असून भागते. शेजारच्या प्रवाशापुढील पोकळी मोठी, म्हणून तेथील बॅगही मोठी आणि वायूही अधिक.

या प्रहाराने बालके दगावल्याची प्रकरणे १९९० नंतर अमेरिकेत उजेडात आली, आणि त्यांचे मूळ यंत्राच्या बिघाडात नव्हे, तर एका सरकारी कसोटीत होते. १९९१ च्या कायद्यान्वये तेथील नव्या मोटारींत पुढील दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सक्तीची ठरली. परंतु ज्या मानकानुसार तिची परीक्षा होई, ते घडले त्या काळात पट्टा बांधणारे अमेरिकन फारच थोडे होते. सबब, ताशी ४८ किलोमीटर वेगाने मोटार भिंतीवर आदळली असता पट्टा न बांधलेला मध्यम बांध्याचा पुरुषही बचावला पाहिजे, अशी अट घालण्यात आली. असा पुरुष थोपविण्यास जे बळ लागते, तेच त्या आसनावरील पाच वर्षांच्या मुलाचे काय करील, याची तपासणी मात्र त्या कसोटीत नव्हती. मोटार कारखान्यांतील अभियंत्यांनी हा धोका १९७० च्या दशकातच दाखवून दिला होता, हे कळल्यावर मन विषण्ण होते.

चालक टकरीपूर्वी ब्रेक दाबतो, पट्टा नसलेले मूल त्या झटक्याने पुढे घसरते, आणि बॅग सुटण्याच्या क्षणी त्याचे मस्तक नेमके तिच्या झाकणापाशी असते. बॅग हनुवटीखाली शिरून मस्तक मागे भिरकावते. बालकाचे डोके देहाच्या मानाने जड आणि मानेचे अस्थिबंध कोवळे असल्यामुळे कवटी व पहिला मणका यांचा सांधाच निखळतो. मागे तोंड करून बसविलेल्या तान्ह्या मुलाच्या चाइल्ड सीटची पाठ तर झाकणाला जवळजवळ टेकलेली असते, म्हणून तो आघात थेट कवटीत उतरतो. यांतील कित्येक अपघात इतके सौम्य होते, की एरवी ते मूल रडत का होईना, आपल्या पायांनी मोटारीतून उतरले असते. प्रौढांनाही नेत्रपटलावर ओरखडे, क्षारयुक्त भुकटीने डोळ्यांचा दाह, हाताच्या हाडांचे भंग आणि कर्णेंद्रियाची हानी सोसावी लागते. डॅशबोर्डावर पाय टाकून बसणाऱ्याची मांडी व खुबा तर हमखास धोक्यात येतो.

१९९० ते २००८ या काळात मंदगती अपघातांमध्ये एअरबॅगच्याच आघाताने २९० हून अधिक माणसे मृत्यू पावली, असा अमेरिकन रस्तासुरक्षा खात्याचा अंदाज आहे. त्यांत प्रवासी बहुसंख्य होते, आणि या प्रवाशांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बालके होती. १९९७ मध्ये बॅगेचे बळ घटविण्याची मुभा मिळाली, मग ती बंद ठेवण्याच्या खटक्यालाही परवानगी मिळाली, आणि २००० च्या नियमाने एक, तीन व सहा वर्षांच्या बालकांच्या आणि लहान चणीच्या स्त्रीच्या पुतळ्यांवर चाचणी घेणे बंधनकारक केले. मृत्यूंचे प्रमाण त्यानंतर झपाट्याने उतरले.

भारतात शेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅगची सक्ती २०२१ मध्ये झाली, पण मुलाला पुढे मांडीवर घेण्याची आपली प्रेमळ सवय तशीच राहिली. डिसेंबर २०२४ मध्ये वाशी येथे पुढच्या आसनावरील सहा वर्षांचे मूल बॅगेच्या आघाताने गेले. मांडीवरचे मूल एकीकडून सुटणारी बॅग आणि दुसरीकडून पुढे फेकला जाणारा वडीलधाऱ्याचा देह यांच्यामध्ये चिरडते, आणि कितीही घट्ट धरले तरी हात तेथे अपुरे पडतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब मध्ये चौदा वर्षांखालील मुलास पट्टा अथवा चाइल्ड सीट हवीच अशी तरतूद असून, ती मोडणाऱ्यास एक हजार रुपये दंड आहे. मोटार विकताना विक्रेत्याने मागच्या आसनावर ती सीट बसवून दाखवावी आणि खरेदीदाराने तसा आग्रह धरावा, ही मागणी मला अजिबात अवाजवी वाटत नाही.