चाळीस सेकंदांचे प्रशिक्षक

३ सप्टेंबर २०२२. अमेरिकेतल्या आयोवा सिटी गावातलं किनिक स्टेडियम. मोसमातला पहिला सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते : आयोवा ७, साउथ डकोटा स्टेट ३.

अमेरिकन फुटबॉलची जुजबी ओळख असलेला कुणीही म्हणेल, सात म्हणजे एक टचडाऊन. चेंडू पलीकडच्या टोकाला नेल्याचे सहा आणि त्यानंतरच्या किकचा एक. पण त्या दिवशी आयोवाने एकही टचडाऊन केला नव्हता. तीन गुण मिळाले ते दोन खांबांमधून चेंडू लाथाडून, म्हणजे फील्ड गोलचे. उरलेले चार मिळाले दोन ‘सेफ्टीं’चे. चेंडू हातात असलेल्या खेळाडूला त्याच्याच गोलपट्टीत लोळवलं, की समोरच्या संघाला दोन गुण देतात, त्याला सेफ्टी म्हणतात. थोडक्यात, सातातले चार गुण आयोवाने स्वतःकडे चेंडू नसताना कमावले.

सामना जिंकला होता. तरीही घरच्याच प्रेक्षकांनी आपल्या संघाची हुर्यो उडवली.

जिंकणाऱ्या संघावर त्याचेच चाहते का चिडतात? या प्रश्नाच्या मागे लागलं की हा सगळा खेळच उलगडत जातो.

मराठी वाचकांपैकी काहींना आयोवा सिटी वेगळ्याच कारणाने माहीत असेल. इथल्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात १९७५ साली दिलीप चित्रे गेले होते. २००८ पासून युनेस्कोच्या यादीत ‘साहित्याचं शहर’ म्हणून या गावाची नोंद आहे. गावाची वस्ती जेमतेम पाऊण लाख आणि विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता सुमारे एकोणसत्तर हजार. अख्खं गाव उठून सामन्याला गेलं तरी थोडेच लोक बाहेर राहतील. मक्याच्या आणि डुकरांच्या या आयोवा राज्यात फुटबॉल, बेसबॉल किंवा बास्केटबॉलचा मोठ्या व्यावसायिक लीगमधला एकही संघ नाही. त्यामुळे बत्तीस लाखांच्या राज्यातल्या बहुतेकांचं लक्ष शनिवारी कॉलेजच्या पोरांवर असतं. शेजारच्या मिनेसोटाशी होणाऱ्या सामन्याचा करंडक तर चक्क ब्राँझचं डुक्कर आहे. १९३५ पासून जिंकणारा ते उचलून घरी नेतो.

आता खेळाचा गाभा. चेंडू असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला म्हणतात ‘डाऊन’. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार. चौथाही फसला, तर चेंडू जिथे असेल तिथेच समोरच्या संघाला देऊन टाकायचा. म्हणून तीन प्रयत्न वाया गेले की बहुतेक संघ चौथ्यात जोखीम घेत नाहीत. ते चेंडू लाथेने लांब उडवतात, म्हणजे ‘पंट’ करतात. चेंडू द्यायचाच आहे तर निदान त्यांना दुरून सुरुवात करायला लावू, हा हिशोब. कबड्डी पाहणाऱ्यांना हा पेच ओळखीचा वाटेल. प्रो कबड्डीत दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ची असते. समजा तिथे चढाईपटूला ‘नको, मी बोनसचा नाद सोडतो, तुम्हीच या’ असं म्हणायची मुभा असती. पंट म्हणजे तीच मुभा.

या खेळातली सगळ्यात नवलाची गोष्ट मात्र खेळ थांबलेला असतानाच घडते. एक चाल संपते, घड्याळ लागतं आणि पुढची चाल सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. ती चाल खेळाडू ठरवत नाहीत. मैदानाच्या कडेला किंवा उंचावरच्या काचेच्या खोलीत आक्रमणाचा प्रशिक्षक बसलेला असतो. त्याच्या हातात हॉटेलच्या मेनूकार्डासारखा प्लास्टिक चढवलेला मोठा कागद असतो. त्यावर बारीक अक्षरांत, रंगीत चौकटींत, शेकडो चाली मांडलेल्या : तिसरा डाऊन आणि थोडं अंतर, तिसरा डाऊन आणि खूप अंतर, स्वतःच्या गोलरेषेला पाठ टेकलेली. त्यातली एक तो निवडतो. या निवडीला म्हणतात ‘प्ले-कॉलिंग’.

निवडलेली चाल मैदानातल्या क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूपर्यंत, पोहोचवणं हीसुद्धा एक कसरत. व्यावसायिक खेळाडूंच्या हेल्मेटमध्ये १९९४ पासून रेडिओ आहे. कॉलेजच्या वरच्या श्रेणीत तो आला थेट २०२४ मध्ये. त्याआधी कडेला उभे असलेले तिघे-चौघे एकाच वेळी हातवारे करत. त्यांतला एक खरा, बाकीचे दिशाभूल करायला. काही संघ तर विचित्र चित्रांचे मोठाले फलक उंचावत. २०२३ मध्ये मिशिगनच्या संघावर प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याचा आरोप झाला, तेव्हा या मुक्या भाषेला किती मोल आहे ते सगळ्यांना कळलं.

पण चाळीस सेकंदांवर फक्त प्रशिक्षकाचा हक्क नाही. तेवढ्याच वेळात गॅलरीतला प्रत्येक माणूस आणि टीव्हीसमोरचं प्रत्येक घर आपापली चाल ठरवतं. ‘आता लांब फेकणार... फेक ना बाबा!’ आणि मग चेंडू पुन्हा एकदा मधून धावत जाणाऱ्या खेळाडूच्या पोटाशी दिला जातो. एक यार्ड. हताश आरोळी. पुन्हा चाळीस सेकंद. दोन्ही संघांचं मिळून हे सव्वाशेहून जास्त वेळा होतं. आपल्याकडे क्रिकेटच्या दोन चेंडूंमधल्या फटीत सोफ्यावरून फील्डिंग लावणारे काका घरोघरी आहेत. पण एकदा क्षेत्ररक्षण लावलं की काकांना गोलंदाज आणि नशीब दोघांवरही बिल फाडता येतं. इथे पुढच्या चालीची शक्यता आधीच डोक्यात बांधलेली असते आणि ती निवडणारा माणूस समोर दिसतो. हार पचवता येते. आपण मनात बरोबर निवडलेली चाल पगारी माणसाने न निवडणं पचत नाही. चाहत्याच्या रागाचं मूळ इथे आहे.

या रागाला गणिताचाही थोडा आधार आहे. बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी व्यावसायिक लीगचे १९९८ ते २००० मधले सामने तपासून २००६ मध्ये एक शोधनिबंध छापला. चौथ्या डाऊनला लाथ मारावी की धाव घ्यावी, एवढाच प्रश्न. ज्या प्रसंगी पुढे जाणं सरासरीने फायद्याचं होतं, त्यांतल्या दहापैकी जवळपास नऊ वेळा संघांनी चेंडू लाथाडला होता. हुशार, अनुभवी, कोट्यवधी कमावणारी माणसं वर्षानुवर्षं तीच चूक का करतात? एक कारण मानवी आहे. चौथ्या डाऊनला धाडस केलं आणि फसलं, तर दोष प्रशिक्षकाचा. पंट करून हरलं, तर हरला तो संघ. सावधपणा संघाला महाग पडतो, पण नोकरी वाचवतो.

मग कुणी धाडस करूनच पाहिलं नाही का? आर्कान्सासच्या लिटल रॉक शहरात पुलास्की अकॅडमी नावाची शाळा आहे. तिथले प्रशिक्षक केव्हिन केली यांनी पंट करणं जवळजवळ बंदच केलं आणि राज्याची नऊ अजिंक्यपदं जिंकली. २०२१ मध्ये ते प्रेसबिटेरियन कॉलेजच्या छोट्या संघाकडे गेले. पहिल्या सामन्यात ८४ गुण! आणि मोसमाअखेर दोन विजय, नऊ पराभव. केलींनी पद सोडलं. गणित तेच होतं. ते अमलात आणणारी पोरं आणि समोरचे प्रतिस्पर्धी मात्र बदलले होते. चाळीस सेकंदांच्या प्रशिक्षकांनी ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

परत आयोवाकडे. इथले मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ १९९९ पासून त्याच खुर्चीत आहेत. २०२५ मध्ये त्यांनी, आयोवा ज्यात खेळतो त्या बिग टेन परिषदेच्या प्रशिक्षकांमधला सर्वाधिक विजयांचा वुडी हेज यांचा विक्रमही मागे टाकला. त्यांचं सूत्र जुन्या मराठी गृहस्थाला शोभावं असं : उधळपट्टी नको, चूक नको, बचाव भक्कम ठेवा, समोरचा घाई करून चुकेल. हे सूत्र चालतंही. फक्त २०१७ पासून आक्रमणाची सूत्रं होती त्यांच्या मुलाकडे, ब्रायनकडे. नात्यातल्या माणसाचा वरिष्ठ नातेवाईक नको, म्हणून कागदोपत्री मुलगा वडिलांना नव्हे, विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना उत्तरदायी होता. पोरगं वडिलांच्या पेढीवर आणि हजेरी शेजारच्या दुकानात, असा मामला. २०२२ मध्ये संघाचं आक्रमण देशातल्या १३१ संघांत १३०वं आलं, तेव्हा चाहत्यांना या कागदाचं समाधान कसं पुरेल?

आणि मग झालं ते क्रीडाविश्वात क्वचितच होतं. चाहत्यांच्या तक्रारीचं करारात कलम झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ब्रायनचा पगार पन्नास हजार डॉलरने कापून साडेआठ लाखांवर आणला आणि अट घातली : संघाने किमान सात सामने जिंकावेत आणि सामन्यामागे सरासरी २५ गुण करावेत. बचावाने मिळवलेले गुणही धरले जाणार होते. तेरा सामने, म्हणजे ३२५ गुण. परीक्षेत किती मार्क हवेत ते आता अख्ख्या राज्याला ठाऊक झालं. प्रत्येक शनिवारी सामन्याच्या निकालाशेजारी दुसरा हिशोब मांडला जाऊ लागला : झाले किती, उरले किती.

ऑक्टोबरच्या शेवटी आठ सामने झाले होते. सहा जिंकलेले, दोन हरलेले, सरासरी १९.५. ३० ऑक्टोबरला हंगामी क्रीडा संचालक बेथ गेट्झ यांनी जाहीर केलं की मोसमानंतर ब्रायन परतणार नाही. परिषदेतल्या आपल्या गटात बरोबरीने आघाडीवर असलेल्या संघाच्या आक्रमणप्रमुखाला मोसम चालू असतानाच नारळ! संघाने पुढे गटही जिंकला आणि दहा विजय मिळवले. मग परिषदेच्या अंतिम सामन्यात मिशिगनकडून ०–२६ आणि मोसमाच्या शेवटच्या सामन्यात टेनेसीकडून ०–३५. शेवटचे दोन्ही सामने भोपळ्यावर.

या सगळ्या वैतागात चाहत्यांनी स्वतःसाठी एक आनंद शोधून काढला. टोरी टेलर हा मेलबर्नचा पोरगा. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलवर वाढलेला. त्या खेळात धावता धावता लाथेने चेंडू नेमका पाठवणं हे बाळकडूच. तो २०२० मध्ये आयोवाकडून पंट करायला आला. अमेरिकी पंटर चेंडूला गिरमिटासारखी गिरकी देऊन लांब पाठवतात. ऑस्ट्रेलियन पद्धतीत चेंडू टोकावर टोक उलटा फिरत जातो. त्यामुळे जमिनीवर आपटल्यावर तो पुढे पळत नाही, बिचकल्यासारखा तिथेच उसळतो. म्हणजे तो गोलरेषेच्या जरा अलीकडे ठेवून देता येतो आणि समोरच्या संघाला भिंतीला पाठ टेकवून सुरुवात करावी लागते. सात–तीनच्या त्या सामन्यात टेलरने दहा वेळा चेंडू लाथाडला होता. त्या दोन सेफ्टींची मुळं बरीचशी तिथेच होती.

२०२३ मध्ये त्याने एका मोसमात ४,४७९ यार्ड पंट केले आणि १९३८ पासून टिकलेला विक्रम मोडला. चार किलोमीटरहून जास्त. आणि त्याच मोसमात आयोवाच्या सगळ्या आक्रमणाने मिळून जितके यार्ड कमावले, त्यापेक्षा हा आकडा हजाराच्या वर मोठा होता! म्हणजे संघाचा चेंडू सगळ्यात दूर गेला तो समोरच्याला देऊन टाकताना. ‘पंटिंग इज विनिंग’ असं छापलेले टी-शर्ट निघाले. टेलर परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसावर असल्याने त्यातला नफा त्याला घेता येत नव्हता. तो समाजकार्याला गेला. चौथा डाऊन आला की इतर स्टेडियममध्ये शांतता पसरते. किनिकमध्ये आपल्याच पंटरसाठी टाळ्या पडू लागल्या. यातला निम्मा भाग कौतुकाचा, निम्मा टोमण्याचा, आणि दोन्ही एकाच टाळीत.

रागाचं एवढं वर्णन केल्यावर याच स्टेडियमची आणखी एक सवय सांगायला हवी. मैदानाला लागून विद्यापीठाचं मुलांचं बारा मजली रुग्णालय आहे. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून आजारी मुलं सामना बघतात. पहिला चतुर्थांश संपला की स्टेडियममधले जवळपास सगळे प्रेक्षक उठून उभे राहतात, मैदानाकडे पाठ फिरवतात आणि त्या खिडक्यांकडे बघून हात हलवतात. प्रेक्षक, खेळाडू, पाहुण्या संघाचे लोकही. २०१७ पासून हे चालू आहे. नुकताच तिसऱ्या डाऊनवर ओरडून घसा बसवलेला माणूसही त्यात असतोच.

पुढच्या वर्षी आक्रमणाला नवा प्रशिक्षक आला. २०२४ मध्ये सरासरीने पंचविशीची ती रेषा सहज ओलांडली. विजय मात्र दहावरून आठवर आले. पंधराच्या सरासरीने दहा जिंकलेला संघ पंचविशीच्या पुढे जाऊन आठच जिंकला. कुठलं वर्ष बरं होतं, हे किनिकमधल्या माणसाला विचारून पाहा. तो उत्तर देईल, पण आधी घड्याळाकडे बघेल. तिसरा डाऊन आहे, आठ यार्ड हवेत आणि त्याची चाल ठरवून झालेली आहे.