रंगाआधी पकड

वर्कशॉपच्या टेबलावर जॉब घट्ट धरून ठेवणारे जुने बेंच व्हाइस शोधायचे, खोलायचे आणि पुन्हा चालते करायचे, हे काम मनापासून करणारी माणसे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत. शेफील्डचे रेकॉर्ड, शिकागोचे विल्टन, कनेटिकट राज्यातल्या मेरिडनचे चार्ल्स पार्कर, पेन्सिल्व्हेनियातल्या ईरीचे रीड ही नावे त्यांच्या तोंडी सतत असतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही जुन्या वस्तूंची हौस वाटते आणि काहींच्या बाबतीत ती तेवढीच असतेही. माझे म्हणणे असे, की जुन्या व्हाइसचे खरे मोल त्याच्या वयात नाही आणि छापातही नाही. तो खोलता येतो, त्याचा झिजलेला भाग बदलता येतो आणि तो पुन्हा कामाला लावता येतो, यात त्याचे मोल आहे. हे मान्य केले तर तो कसा दुरुस्त करायचा हेही ठरून जाते. आधी पकड पाहायची, रंग सर्वांत शेवटी. आज या छंदात पुष्कळदा याच्या उलट चालते, म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन मांडावासा वाटतो.

व्हाइसवर नेमका कोणता ताण येतो, हे आधी पाहू. स्क्रूचे आटे सहा मिलिमीटर अंतराचे आणि हँडलची एक बाजू पंधरा सेंटिमीटर धरली, तर हँडलचे टोक एका फेऱ्यात जवळपास चौऱ्याण्णव सेंटिमीटर फिरते आणि जबडा जेमतेम सहा मिलिमीटर सरकतो. हिशेबाने हा दीडशे पटींहून जास्त फायदा झाला. यातला मोठा वाटा घर्षणात जातो. तरीही माणसाने वीस किलोचा जोर लावला, की जबड्यांमध्ये काहीशे किलोंचा दाब सहज येतो. जॉबवर जेवढा दाब, तेवढाच उलट रेटा व्हाइसच्या अंगावर. जबडे एकमेकांपासून उघडले जाऊ पाहतात आणि जबड्याच्या मानेची आतली बाजू ताणली जाते. व्हाइसचे साधे बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्यात कच्चे असते. त्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखे पसरलेले असते आणि तडा त्या पापुद्र्यांच्या वाटेने धावतो. म्हणून जुना व्हाइस फुटतो तो बहुधा मानेशी किंवा सरकणाऱ्या जबड्याच्या दांड्याशी. हँडलवर पाइप चढवून आवळणे आणि जबड्यावर घण घालणे, ही त्याची दोन नेहमीची कारणे. वाकलेले हँडल पाहून गिऱ्हाईक नाक मुरडते. प्रत्यक्षात कास्टिंग फुटण्याआधी हँडल वाकणे ही चांगली रचना आहे. ते सरळ करता येते, नवे घालता येते. मात्र वाकलेले हँडल दिसले की मान दुप्पट काळजीने तपासावी.

ठोकाठोकीच्या कामासाठी बिडाचा व्हाइस कधीच नव्हता. त्यासाठी लोहाराकडे लेग व्हाइस असे. तो घडीव लोखंडाचा असतो आणि त्याचा एक पाय थेट जमिनीत रोवलेला असतो, त्यामुळे हातोड्याचा ठोका टेबलावर न येता पायातून जमिनीत उतरतो. जबडे खाली एका खिळीवर फिरतात आणि पानपट्टीची स्प्रिंग त्यांना उघडते. त्यामुळे जास्त उघडल्यावर जबडे समांतर राहत नाहीत, हा त्याचा दोष. यातला पाहण्यासारखा भाग म्हणजे ज्यात स्क्रू फिरतो ती नळी. जुन्या पद्धतीत तिच्यात आतून आटे कापलेले नसत. चौकोनी लोखंडी पट्टी स्क्रूच्या आट्यांना धरून गुंडाळायची, ते वेटोळे नळीत बसवायचे आणि पितळेने झाळून टाकायचे. म्हणजे आतले आटे हा वेगळा, नंतर बसवलेला भाग. डडलीच्या पीटर राइटसारख्या कारखानदारांनी पुढे अखंड नळी आणली. ती अधिक मजबूत होती. पण जुन्या झाळलेल्या नळीतली पट्टी झिजली किंवा सुटली, तर ती काढून तशीच दुसरी बसवता येते. जिथे झीज होणार, तो भाग वेगळा ठेवायचा, हे शहाणपण त्या लोहारकामात आधीपासून होते.

हेच शहाणपण पुढच्या कारखान्यांमध्ये वेगवेगळ्या रूपांत दिसते. शेफील्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टन या कारखान्याची सुरुवात १८९८ ची, आणि रेकॉर्ड हा त्याचा निळ्या रंगाचा ओळखीचा छाप. त्याच्या फिटर व्हाइसचे हँडल उलटे फिरवत राहिले, की पुढचा जबडा स्क्रूसकट सरळ बाहेर येतो. जबड्याच्या मागे स्क्रू एका वॉशरने आणि साध्या स्प्लिट पिनने अडकवलेला असतो. पिन ओढली की स्क्रू मोकळा. जबड्यांच्या पोलादी पट्ट्या दोन-दोन स्क्रूंवर बसलेल्या आणि सुटे भाग कॅटलॉगात क्रमांकानिशी छापलेले. यॉर्कशायरमधल्या शिपली गावच्या पार्किन्सनने अर्ध्या नटाची युक्ती केली. खटका दाबला की नट आट्यांवरून बाजूला होतो आणि जबडा हाताने झटकन सरकतो. सुतारांच्या व्हाइसमध्ये ती अजून चालते. चेकोस्लोव्हाकियातून अमेरिकेत गेलेल्या ह्यू व्होगलने १९४१ मध्ये शिकागोत विल्टन सुरू केले. त्याच्या गोळीच्या आकाराच्या व्हाइसमध्ये स्क्रू आणि नट बंद नळकांड्यात असतात, त्यामुळे कानशीचा कीस आणि वेल्डिंगच्या ठिणग्या आत जात नाहीत. संग्राहकांना विल्टनचे वेड आहे ते आणखी एका कारणाने. सरकत्या दांड्याच्या खालच्या चावीवर तारीख ठोकलेली असते. तिथेही सावध राहावे लागते, कारण काही व्हाइसवर ती तारीख बनवल्याची नसून पाच वर्षांची हमी संपण्याची असे. हे ठाऊक नसलेला माणूस आपल्या व्हाइसचे वय पाच वर्षांनी चुकवतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो भक्कम आहे. जे फुटले ते केव्हाच भट्टीत गेले. उरले ते चांगले, आणि उरलेले पाहून आपण म्हणतो की जुने सगळेच चांगले होते. त्यातच १९४३ मध्ये अमेरिकेत कीथ मिलिस यांनी वितळलेल्या बिडात मॅग्नेशियम घालून ग्रॅफाइटचे पापुद्रे गोल गोळ्यांमध्ये बदलण्याची रीत शोधली. त्यातून आलेले डक्टाइल आयर्न ताण सोसण्यात साध्या बिडाच्या कितीतरी पुढे आहे. आज नीट ओतलेला डक्टाइल व्हाइस शंभर वर्षांपूर्वीच्या बिडाच्या व्हाइसपेक्षा बळकट असतो, यात मला शंका नाही. जुने लोखंडच निराळे होते, असे सांगणाऱ्यांनी हे मान्य करायला हवे. जुन्या काळातही हलके, पातळ भिंतींचे व्हाइस निघतच होते. पण या आक्षेपाने माझे म्हणणे पडत नाही, उलट अधिक नेमके होते. वय हा पुरावा नाही, म्हणून प्रत्येक व्हाइस स्वतंत्रपणे तपासला पाहिजे. आणि नवा स्वस्त व्हाइस बहुतेक वेळा धातूमुळे निकामी होत नाही. त्याचा सरकता दांडा खोबणीत सैल असतो, आवळताना जबडा वर उचलला जातो, जबड्यांच्या पट्ट्या मऊ असतात, नट जागेवर घट्ट नसतो. बळ असूनही तो सरळ धरत नाही. जिथे जुन्या व्हाइसची खोबण नीट मशीन केलेली आहे, तिथे तो त्याच पैशात अधिक चांगला ठरतो. जिथे नाही, तिथे त्याला विकत घेण्याचे कारण नाही.

आता दुरुस्ती. सर्वप्रथम तडा शोधावा, रंगाच्या डब्याला तोपर्यंत हात लावू नये. यासाठी महागडी रसायने नसली तरी चालते. मान आणि दांडा स्वच्छ करून रॉकेलने भिजवायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा, कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचा आणि वर खडूची पूड लावायची. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल हळूहळू वर येते आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी काळपट रेघ उमटते. डोळ्याला एरवी न दिसलेली ही रेघ सगळा निर्णय फिरवते. त्यानंतर खेळ पाहावा. हँडल उलटे फिरवताना जबडा हलायच्या आधी किती फिरते? फार फिरत असेल, तर दोष आट्यांतच असेल असे नाही. पुष्कळदा मागचा वॉशर झिजलेला असतो किंवा नट आपल्या बैठकीत डगमगत असतो आणि पाच-दहा रुपयांच्या वॉशरने तो बरा होतो. आटे खरेच धारदार, पातळ झाले असतील तर लेथवर नवा स्क्रू आणि नट करून घ्यावा लागतो. तेही कुठल्याही मध्यम गावातल्या वर्कशॉपमध्ये जमते.

गंज काढण्यासाठी विजेची पद्धत सर्वांत सौम्य. प्लास्टिकच्या टाकीत पाणी, त्यात किराणा दुकानातला धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा चार्जर. व्हाइसचा भाग ऋण टोकाला, भंगारातला लोखंडी तुकडा धन टोकाला. चांगला धातू जागेवर राहतो आणि गंज सुटतो. तीव्र अ‍ॅसिडमध्ये मात्र गंजाबरोबर धातूही खाल्ला जातो. दोन गोष्टींत हयगय नको. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगे उतरतात. आणि काम उघड्या हवेत करावे, कारण हायड्रोजन निघतो. बाहेर काढलेला भाग लगेच वाळवून तेल लावले नाही, तर तासाभरात पुन्हा तांबूस होतो. फुटलेली मान जोडायची तर बीड भराभर तापवणे आणि भराभर थंड करणे, दोन्ही घातक. सगळा तुकडा आधी सावकाश तापवावा, निकेलच्या रॉडने वेल्ड करावा किंवा कांस्याने झाळावा आणि राखेत अथवा कोरड्या वाळूत पुरून थंड होऊ द्यावा. नीट झाळलेला सांधा वर्षानुवर्षे काम देतो. पण तो दिसू द्यावा, पुट्टी आणि रंगाखाली लपवून विकू नये. ही माझ्या मते साध्या प्रामाणिकपणाची बाब आहे. पुढचा माणूस त्या व्हाइसवर भरवसा ठेवून जोर लावणार असतो.

अति सजावटीबद्दल माझी तक्रार इथूनच सुरू होते. सँडब्लास्ट करून, ग्राइंडरने ओतकामाचा खडबडीतपणा घासून, कडा गोल करून, पावडर कोटिंग चढवून व्हाइस आरशासारखा करतात. त्यात ओतलेली अक्षरे बोथट होतात, मशीनच्या पात्याचे माग जातात, मूळ रंग जातो. म्हणजे तो कुठे, केव्हा, कसा बनला याची साक्षच पुसली जाते. त्याहून वाईट म्हणजे खोबणीत आणि बैठकीवर रंगाचा थर चढला की दांडा अडकतो, मग तो मोकळा करायला खोबणच घासली जाते. रंगाने गंज थांबतो, हे यावरचे उत्तर बरोबर आहे. उघड्या बाहेरच्या अंगावर पातळ रंग जरूर द्यावा, सरकत्या भागांना ग्रीस आणि तेल. जबड्यांच्या जाळीदार पट्ट्या बोथट असतील तर बदलाव्यात, नाजूक जॉबसाठी वरून तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे मऊ जबडे चढवावेत. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीच्या कारखानी रंगात शिसे असणारच असे धरून चालावे, कोरडे घासून त्याची धूळ नाकात घेऊ नये.

आपल्याकडचा आक्षेप वेगळा आहे आणि तो व्यवहाराचा आहे. कोल्हापुरात शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत ओतशाळा आहेत. बिडाचे भंगार वितळून तिथे पंपांचे आणि गाड्यांचे भाग होतात, मग एका फुटक्या व्हाइससाठी एवढा आटापिटा कशाला? खरे आहे, भट्टीत गेलेले बीड वाया जात नाही. पण बीड वितळायला बाराशे अंश सेल्सियसच्या आसपास तापमान लागते आणि व्हाइसवरचा बराचसा खर्च लोखंडाचा नसतोच. तो असतो खोबण सरळ करण्याचा, आटे कापण्याचा, जबड्यांना पाणी देण्याचा. वितळवल्यावर लोखंड परत मिळते, हे काम मिळत नाही. आयटीआयमध्ये फिटरची विद्या सुरू होते ती याच व्हाइसवर. जबड्याचा माथा कोपराच्या उंचीला ठेवून पोरगा कानस मारायला उभा राहतो आणि सपाटी, काटकोन शिकतो. जबडा वर उचलला जाणाऱ्या व्हाइसवर त्याने कितीही जीव ओतला तरी काटकोन बसत नाही, आणि दोष आपल्या हातात आहे असे त्याला वाटत राहते. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात हाती लागलेला एखादा घट्ट खोबणीचा व्हाइस दुरुस्त होऊन अशा पोरापुढे आला, तर त्या मेहनतीचा हिशेब मला पुरेपूर पटतो.

साठेबाजीचा मुद्दा राहतो. संग्राहकांमुळे विल्टनसारख्या छापांच्या किमती चढल्या आणि काम करणाऱ्याला ते व्हाइस परवडेनासे झाले, ही तक्रार खरी आहे. फडताळात ओळीने मांडलेले पंचवीस व्हाइस काहीच धरत नाहीत. तरी सगळ्यांना एका मापाने मोजता येणार नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या वेन्सबरोचा एमर्ट पाहा. जोसेफ एमर्टने १८९१ मध्ये पेटंट घेतलेला, ओतकामासाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, बनवणाऱ्या कारागिरांसाठीचा हा व्हाइस. त्याच्या मोठ्या मॉडेलचे जबडे अठरा इंच लांब. तो आडवा झोपतो, गोल फिरतो, जबडे तिरपे होतात, त्यामुळे वेडावाकडा लाकडी नमुना हव्या त्या कोनात धरता येतो. हाताने पॅटर्न घडवणारे कारागीर कमी होत चालले आहेत, आणि असा व्हाइस कुणी खोलून, मोजून, त्याची रेखाचित्रे काढून ठेवत असेल तर तो साठा नव्हे. उलट साध्या रेकॉर्डच्या बाबतीत मी म्हणेन, की एक ठेवावा, बाकी कामावर पाठवावेत. आणि ज्याची मान दुरुस्तीपलीकडे गेली आहे, तोही अख्खा भट्टीत घालू नये. त्याचा स्क्रू, नट, वॉशर, जबड्यांच्या पट्ट्या काढून घ्याव्यात. त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या व्हाइसला नेमके तेच हवे असतात, आणि कारखान्याकडून ते आता पुष्कळदा मिळत नाहीत.