लाहोरचे नवे लघुचित्र : परिभाषेच्या अनुरोधाने

पाकिस्तानच्या आजच्या चित्रकलेविषयी लिहिताना ‘परंपरेचे पुनरुज्जीवन’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. तो नेमका नाही. लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ आर्टमध्ये (स्थापना 1875, 1958 पासून नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स) हाजी मुहम्मद शरीफ यांच्यासारखे, दरबारी चित्रकारांच्या घराण्यातून आलेले उस्ताद लघुचित्र शिकवीतच होते. त्यांचे शिष्य बशीर अहमद यांच्या प्रयत्नाने 1980 च्या दशकात त्यास पदवीच्या स्वतंत्र विषयाचा दर्जा मिळाला. म्हणजे मृत वस्तू जिवंत झाली असे नव्हे. कारागिरी म्हणून गणली गेलेली विद्या अभ्यासविषय ठरली, इतकेच.

या विद्येची परिभाषा मराठी वाचकास परकी वाटू नये. चित्र काढावयाचा कागद म्हणजे ‘वसली’. अनेक पातळ कागद खळीने एकावर एक चिकटवून, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालून, वाळल्यावर शंखाने घोटून तो सिद्ध करतात. मूळ अरबी धातूचा अर्थ जुळणे, पोहोचणे. आपला ‘वसूल’ त्याच धातूचा. ‘सियाह कलम’ म्हणजे केवळ काळ्या रेषेचे काम, आणि ‘सियाही’चीच आपली ‘शाई’ झाली. पारदर्शक, अर्धवट रंगास ‘नीम रंग’ म्हणतात. ‘निमसरकारी’तील ‘निम’ तोच. अपारदर्शक रंगलेपन ते ‘गद रंग’. खारीच्या केसांच्या कुंचल्याने अतिसूक्ष्म रेघोट्या भरीत आकारास गोलाई आणण्याच्या क्रियेस ‘पर्दाख्त’ ही संज्ञा आहे. तिला मात्र मराठीत सोयरीक नाही. विद्यार्थ्याचा पुष्कळसा काळ जुन्या चित्रांच्या नकला करण्यात जातो.

नकलेतून बाहेर पडण्याची वाट दुसऱ्या दिशेने आली. आधुनिक चित्रकार जहूर उल अखलाक (1941–1999) यांनी लंडनच्या संग्रहालयांत मोगल चित्रांचा अभ्यास केला होता. त्यांचे लक्ष कथेपेक्षा हाशियाकडे, चौकटीत चौकट बसविण्याच्या रचनेकडे होते. अध्यापक या नात्याने हीच दृष्टी त्यांनी विद्यार्थ्यांस दिली.

शाझिया सिकंदर यांचे ‘द स्क्रोल’ (1989–90) हे या वळणाचे ठळक उदाहरण. सुमारे पाच फूट लांबीच्या पट्टीवर आधुनिक घरातील खोल्या ओळीने येतात आणि पांढऱ्या वस्त्रातील एक पाठमोरी तरुणी त्यांतून वावरते. अनेक क्षण एकाच चित्रात मांडण्याची रीत जुनीच आहे. राजाच्या जागी एक मुलगी आली, ही गोष्ट मात्र लहान नव्हे.

इमरान कुरेशी यांनी 2013 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या गच्चीवर जमिनीलाच वसली मानले. दुरून रक्ताचे शिंतोडे दिसावेत असा लाल रंग, आणि जवळ जाऊन पाहिले तर त्यातून उमललेली, लघुचित्रातील पानाफुलांची नक्षी! पाकिस्तानातील हिंसाचाराशी या रंगाचा संबंध उघड आहे. मात्र येथे ‘लघु’ हे विशेषण निरर्थक होते. उरते ती केवळ रेषेची शिस्त.

याच कुरेशींच्या पुढाकाराने 2003 मध्ये ‘कारखाना’ हा प्रयोग झाला. निरनिराळ्या शहरांत विखुरलेल्या सहा चित्रकारांनी प्रत्येकी दोन चित्रे आरंभिली आणि टपालाने पुढच्याकडे पाठविली. प्रत्येकाने आपली भर घातली, क्वचित आधीच्याचे काम झाकलेही. मोगल कारखान्यातही एका चित्रावर अनेक हात फिरत. तेथे मात्र शेवटचा शब्द बादशहाचा असे. या बारा चित्रांवर तो कोणाचाच नव्हता.