मॅटिंगखालचा पत्रा

वरंधा घाट चढून भोरकडे येताना एका वळणावर म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि मागून 'टक्' असा आवाज झाला. म्हैस वाचली, जीपलाही काही झालं नाही, पण मागे बसलेली बहीण सीटसकट पुढे कलली होती. घरी आल्यावर मॅटिंग उचललं. सीटच्या मागच्या पायापाशी पत्रा टेंगळासारखा वर आला होता. टेंगळाच्या मधोमध, खालून लावलेला आठ आण्याच्या नाण्याएवढा वायसर पत्रा फाडून अर्धा वर डोकावत होता. सीट बसवून दोनच महिने झाले होते. मिस्त्रीने फोम उत्तम घातला होता, शिलाई तर बघत राहावी अशी.

गाडी वडिलांची, 1994 ची महिंद्रा एमएम 540. तिला मुळात मागे दोन बाकडी होती, चाकांवरच्या उंचवट्यांवर बसवलेली, एकमेकांकडे तोंड करून. तिथे समोर तोंड असलेली सीट बसवायचं मी मनावर घेतलं, कारण भाचीला लहान मुलांच्या सीटवर बसवायचं होतं आणि ती सीट आडव्या बाकड्यावर बांधता येत नाही.

ही बाकडी जीपमध्ये आली कुठून, याचा शोध घेताना गंमत कळली. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलीज जीपची मागची सीट समोर तोंड करूनच होती. दोन माणसांची, घडीची, दोन्ही चाकांच्या मध्ये कशीबशी मावणारी. चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीप तयार होऊ लागल्या. पुढे सीजे-3बी हे मॉडेल अमेरिकेत 1968 साली बंद झालं तरी त्याचा वंश आपल्याकडे चालतच राहिला. गाडीची लांबी वाढली आणि मागच्या पत्र्यावर बाकडी आली. सातारा-कोल्हापूरकडचं वडाप आणि मराठवाड्यातली काळी-पिवळी उभी राहिली ती याच बाकड्यांवर. प्लायवर काथ्या, काथ्यावर रेक्झीन. खुर्चीवर किती माणसं बसणार ते ठरलेलं असतं, बाकड्याला मोजदाद नसते. 'जरा सरकून घ्या' या तीन शब्दांवर ग्रामीण महाराष्ट्राची निम्मी वाहतूक चालली. एसटी चुकलेल्यांपैकी मीही एक, त्यामुळे या बाकड्यांना नावं ठेवायला जीभ रेटत नाही.

पण आडवं बसण्यातला धोका खराच आहे. गाडी समोरून आदळली की समोर तोंड असलेल्या माणसाला पाठ, कंबर आणि पट्टा मिळून आवरतात. आडवा बसलेला मात्र शेजाऱ्यावर जातो, त्याची मान आणि कणा बाजूला वाकतो, आणि शरीर त्या दिशेने ताण सोसायला घडलेलं नाही. युरोपात 2007 पासून नव्या गाड्यांत अशा आडव्या सीटा बंद झाल्या. लँड रोव्हर डिफेंडरची पिढ्यान्‌पिढ्यांची बाकडी त्याच वर्षी गेली. आपल्याकडे 2010 च्या महिंद्रा थारमध्ये मागे बाकडीच होती. 2020 च्या नव्या थारला धडक-चाचणीत ग्लोबल एनकॅपने चार तारे दिले, तेव्हा चाचणीला उभी होती ती समोर तोंड असलेल्या सीटांची गाडी. आपला नियमही मजेशीर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 138 वा नियम पट्टा लावायला सांगतो तो ड्रायव्हरला, त्याच्या शेजारच्याला आणि मागे समोर तोंड करून बसलेल्यांना. आडव्यांना नाही! ज्यांना सगळ्यात जास्त गरज, तेच नेमके सुटले.

माझी चूक कुठे झाली हे आकड्यांनी समजावलं. सीटच्या मजबुतीसाठी संयुक्त राष्ट्रांची जी वाहन-मानकं आहेत, त्यांत कसोटी अशी आहे की सीटच्या वजनाच्या वीसपट जोर तिला पुढे आणि मागे लावायचा. सीट 20 किलोची असेल तर 400 किलो. ही झाली रिकामी सीट. पट्टा जिथे अडकवतात त्या जागेची परीक्षा वेगळी: खांद्याच्या पट्ट्याला साधारण 1,375 किलोचा ओढा, त्याच वेळी कमरेच्या पट्ट्यालाही तेवढाच. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेल्या, 1966 साली स्थापन झालेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत गाड्यांच्या अशाच परीक्षा होतात. टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या किती जणांना शेजारी काय चालतं याची कल्पना असेल कोण जाणे.

बोल्ट सहसा तुटत नाही. 8.8 ग्रेडचा दहा एमएमचा एक बोल्ट तीन टनांच्या वर ओढा सहज सोसतो. हार खातो तो पत्रा. जुन्या जीपचा पत्रा पावसाने, चिखलाने आणि मॅटिंगखाली साठलेल्या ओलीने आतून खाल्लेला असतो. सगळा ओढा वायसरच्या कडेवर येतो आणि पत्रा बिस्किटाच्या पुड्यासारखा फाटतो.

दुसऱ्यांदा सीट बसवणारा मिस्त्री भोसरीचा, बोलायला कमी. त्याने आधी सीट बाजूला ठेवली आणि पेचकस घेऊन पत्रा टोचत सुटला. चार ठिकाणी पेचकस आरपार गेला. "सर, सीटचं नंतर बघू. आधी जमीन करू," म्हणाला. कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड केला. खाली आडवी लोखंडी अँगल टाकली, दोन टोकांना बॉडीच्या जाड कण्यांना जोडलेली. प्रत्येक बोल्टखाली तीन इंच चौकोनी, चार एमएम जाडीची पट्टी, कोपरे घासून गोल केलेले. टोकदार कोपरा पत्र्याला सुरीसारखा कापतो, हे त्याने बोटाने दाखवलं. नट नायलॉक. भोक पाडण्याआधी स्वतः गाडीखाली निजून ब्रेकचा पाइप कुठून जातो ते खडूने पत्र्यावर आखून घेतलं. मी विचारलं, सरळ चेसीलाच का नाही जोडत? जीपची बॉडी रबरावर बसलेली असते, म्हणाला, चेसी आणि बॉडी वेगवेगळ्या हलतात. एक पाय इकडे, एक तिकडे ठेवला की वेल्ड तडकणारच.

सीट जुन्या बोलेरोची, कुदळवाडीच्या भंगाराच्या दुकानातून आणलेली. तिथली दुकानं 2025 च्या फेब्रुवारीत पाडली गेली. आता अशी सीट शोधायला कुठे जायचं, हा जीपवाल्यांचा खरा प्रश्न आहे. चाकांच्या मधली जागा जेमतेम 36 इंच भरली, म्हणून सीट दोन माणसांपुरती कापली. फोम चाळीस डेन्सिटीचा.

पट्ट्यापाशी मात्र दोन दिवस अडलो. ताडपत्रीच्या हुडाच्या सळ्या पट्ट्याचा ओढा घेऊ शकत नाहीत. मग खांद्याचा पट्टा सीटमागे जमिनीला अडकवावा, असं पुष्कळ जण करतात. ते करू नका. धक्क्यात असा पट्टा खांद्याला खाली दाबतो आणि सगळा भार कण्यावर येतो. पट्ट्याचं वरचं टोक खांद्याच्या उंचीला किंवा त्याहून वर हवं, म्हणजे भक्कम रोलबार आलाच. आम्ही तो बसवला, आणि खर्च सीटच्या दुप्पट झाला.

कागदाचं काम मी उलट्या क्रमाने केलं, तुम्ही सरळ करा. मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही, आणि किती माणसं बसणार हा आकडा आरसीवर छापलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात हेच बजावलं. परवानगीविना बदल केला तर कलम 182-अ प्रमाणे प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आधी आरटीओ, मग विमा कंपनी आणि शेवटी मिस्त्री.

दसऱ्याला गाडी धुऊन हार घातलाच असेल. आता दिवाळीच्या सुट्टीत घाटात निघण्याआधी मागचं मॅटिंग उचला आणि टॉर्च घेऊन एकदा गाडीखाली निजा. सीटच्या बोल्टखाली पट्टी नसेल, नुसता वायसर दिसला, तर त्या सीटवर कुणाला बसवू नका.