सावली काढणारा ब्रश

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात १९६८पासून नाटकं होत आहेत. रंगमंचावर समोरून येणारा झगझगीत प्रकाश चेहऱ्यावरच्या नैसर्गिक सावल्या पुसून टाकतो, मग मागच्या रांगेतून चेहरा सपाट दिसतो. म्हणून रंगभूषाकार गालाच्या हाडाखाली त्वचेहून गडद छटा देतात. प्रकाश वरून पडतो असं आपला मेंदू गृहीत धरतो, त्यामुळे तो गडद पट्टा खोलगट भासतो. लग्नसमारंभातलं काँटूरिंग, म्हणजे गडद छटेनं चेहऱ्याला उठाव देणं, याच तत्त्वावर चालतं.

सगळी मदार या पट्ट्याच्या कडेवर असते. कड विरत गेली तर सावली वाटते, ठळक राहिली तर डाग. पावडरीसाठी तिरका कापलेला, मध्यम दाट ब्रश घ्यावा. गालाखालच्या खळगीपेक्षा रुंद मुळीच नको. प्राण्यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात, त्यांत पावडर छान धरली जाते. क्रीमला मात्र गुळगुळीत कृत्रिम तंतू हवेत, कारण ते तेल फारसं शोषत नाहीत. धुवायलाही ते सोपे, त्यामुळे नवशिक्यांनी तेच घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. धुतलेला ब्रश उभा वाळवू नका: पाणी दांड्याकडे उतरतं, आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात.