पानावरचा डाग आणि आपला विवेक

आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात गल्ल्याशेजारी किंवा घराच्या गॅलरीत जेडचे लहानसे रोप असते. ते शुभ मानले जाते आणि फारशी देखभालही मागत नाही. गेल्या चातुर्मासात आमच्या जेडच्या पानांवर बारीक पांढरे ठिपके दिसू लागले. कीड लागली असे समजून मी कीटकनाशकाची बाटली आणली. फवारणार तोच सौभाग्यवतींनी विचारले, "अहो, कीड आहे याची खात्री केलीत का?" ओल्या फडक्याने पान पुसले आणि ठिपके नाहीसे झाले. जेडच्या पानांवर सूक्ष्म जलरंध्रे असतात. दमट हवेत त्यांतून पाझरलेले पाणी सुकले की त्यातील क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतो. तो रोग नव्हे.

श्रावकाच्या अहिंसाणुव्रतात त्रस जीवांची संकल्पपूर्वक हिंसा वर्ज्य आहे. वनस्पती स्थावर असली तरी तीही जीवच. म्हणून डाग दिसताच औषध फवारणे आपल्याला शोभत नाही. आधी निदान करावे, आणि त्याहून आधी प्रतिबंध.

निदानासाठी तीन प्रश्न पुरतात. डाग पुसला जातो का? तो वाढतो आहे का? तो कोरडा आहे की मऊ? मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे आणि आठवड्याने ताडून पाहावे, म्हणजे डाग वाढल्याचे नेमके कळते.

उन्हाच्या बाजूलाच कोरडा, फिकट किंवा तपकिरी चट्टा पडला असेल आणि तो पसरत नसेल, तर ते उन्हाने भाजणे होय. सावलीतले रोप एकदम प्रखर उन्हात ठेवल्यास असे होते. पानाच्या खालच्या बाजूस खरखरीत, बुचासारखे उंचवटे दिसले, तर मुळांनी घेतलेले पाणी पानांना बाहेर टाकता आलेले नाही असे समजावे. ढगाळ दिवसांत जास्त पाणी घातले की हा दोष हमखास उद्भवतो. खालची पाने पिवळी, पारदर्शक व लिबलिबीत झाली असतील, तर मुळे कुजू लागली आहेत. रोप कुंडीतून काढून कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने छाटावा, जखम काही दिवस सुकू द्यावी आणि मग कोरड्या मातीत लावावे.

खोलगट, काळसर, पिवळ्या कडेचे आणि पसरत जाणारे डाग मात्र बहुधा बुरशीचे असतात. अशी पाने काढून टाकावीत, कात्री प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसावी आणि रोप इतरांपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावे. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. तो मोजकाच असेल तर ती फांदी कापून बाहेर झाडाझुडपांच्या सावलीत ठेवावी. तो सर्वत्र पसरल्यावर मात्र हिंसेवाचून मार्ग फारसा उरत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. म्हणूनच प्रतिबंधाचे मोल मोठे.

प्रतिबंधाचे नियम सोपे आहेत. कुंडीला तळाशी छिद्र असावे. मातीत जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे साधारण निम्मे मिसळावेत. बोट दोन इंच खोल घालून माती पूर्ण कोरडी लागली तरच पाणी द्यावे. ते सकाळी, मातीवर द्यावे, पानांवर नव्हे. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली ठेवू नये. ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे, कारण त्यात डासांची उत्पत्ती होते. उन्हाची सवय आठ-दहा दिवसांत हळूहळू लावावी. खताचा अतिरेक टाळावा, कारण त्याने येणारी कोवळी, लुसलुशीत वाढ किडीला आकर्षित करते. नवे रोप आणले की दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे.

पडलेला डाग पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे जुन्या पानांकडे पाहून निराश होऊ नये. नवी पाने निर्मळ येत असतील तर रोप सावरले असे समजावे.

आमच्या जेडला आता नवी पालवी फुटली आहे. न उघडलेली ती बाटली मी दुकानदाराला परत केली.